बावीस मिनिटांत पहिला आलेला बालाजी

सैन्यभरतीची ऑनलाइन परीक्षा असली की त्या दिवशी मला घरात चहा गोड लागत नाही. बायको म्हणते, "क्या जी, भरती पोरांची है की तुमची?" बोलू दे. अठ्ठावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतो आहे, त्यातली शेवटची काही नांदेडच्या एका परीक्षा केंद्रात लॅब-इनचार्ज म्हणून गेली. बँकेच्या परीक्षा घेतल्या, रेल्वेच्या घेतल्या, तलाठ्यांच्याही घेतल्या. पण फौजेत जाणारी पोरं आली की अंगात वेगळंच वारं शिरतं. साठीला टेकलो तरी ते काही गेलं नाही.

तुम्ही कधी अशा केंद्राच्या आत गेला नसाल म्हणून सांगतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, पोरगं आलं, कॉम्प्युटरसमोर बसलं, टिकटिक केलं, संपलं. अहो, त्या एका तासासाठी आमचे दोन दिवस जातात. प्रत्येक मशीन आधी नोंदवावं लागतं, नोंद नसलेल्या मशीनवर पेपर उघडतच नाही. काही मशीन राखीव ठेवायची असतात, एखादं बंद पडलं तर पोराला उचलून तिथं बसवायला. पोरानं दिलेलं उत्तर समोरच्या डब्यात राहत नाही, ते आत कुलपातल्या सर्व्हरमध्ये जाऊन बसतं. मशीन मेलं तरी उत्तर जिवंत असतं, आणि घड्याळही जिथल्या तिथं थांबतं. हे मी हजार वेळा सांगितलं असेल. एकाही पोराचा विश्वास बसलेला मी पाहिला नाही.

माझे वडील घड्याळजी होते. चौकात त्यांची टपरी होती आणि डोळ्याला कायम भिंग लावलेलं. आमच्या केंद्रावर पोरांची घड्याळं दारातच काढून घेतात तेव्हा मला अब्बांची आठवण येते. त्यांचा बारीक पेचकस अजून माझ्या खिशात असतो. लॅबमध्ये त्याचा उपयोग वर्षातून दोनदा होत असेल, पण खिसा रिकामा वाटू नये म्हणून ठेवतो.

फौजेची पोरं पहिल्या वर्षी आली तेव्हा आम्ही सगळेच नवखे होतो. दारात यंत्र फिरवायला लागलो की कुईं कुईं. एकाच्या कमरेला करदोटा, त्यात चांदीचा मणी. दुसऱ्याच्या दंडाला ताईत. कुणाच्या मनगटात देवीचा गंडा, कुणाच्या गळ्यात बाळपणापासूनचं काही. वरून आलेल्या माणसानं कात्री काढली. मी म्हणालो, "साहेब, कात्री ठेवा. यांच्या आयांनी बांधलेलं आहे, ते कापलं तर पोरगं आत जाऊन पेपर काय डोंबल सोडवणार?" मग भिंतीवर एक फळी ठोकली, तिला खिळे मारले, प्रत्येक खिळ्याखाली आसन क्रमांक लिहिला. पोरानं स्वतःच्या हातानं सोडायचं, खिळ्याला अडकवायचं, जाताना घेऊन जायचं. ती फळी आजही आहे आणि आजवर एकही दोरा हरवला नाही.

बोटांचे ठसेही असेच. वीटभट्टीवर, ऊसतोडीला राबलेली बोटं. यंत्र म्हणतं, ठसा दिसत नाही. पहिल्या दिवशी एक पोरगं रडकुंडीला आलं. मी म्हणालो, "बोट कपाळावर घास." घासलं, कपाळाचा चिकटपणा बोटाला लागला आणि यंत्रानं घेतलं. तेव्हापासून आमच्याकडं रांगेतली सगळी पोरं कपाळ घासत उभी असतात. नवीन माणसाला वाटतं, डोकं दुखतंय सगळ्यांचं.

आणि आत काय झालं! आमच्या संगीता मॅडम पर्यवेक्षक होत्या. मूळच्या कंधारच्या, आवाज खणखणीत. त्या दारातून आत आल्या आणि अख्खी लॅब खाडकन सावधानमध्ये उभी राहिली. "जय हिंद, मॅडम!" दोन कीबोर्ड खाली पडले. मॅडम दचकून एक पाऊल मागं गेल्या. भरतीच्या अकॅडमीत तसंच शिकवलेलं ना! पहाटे पळायचं, दिवसा मोबाइलवर प्रश्न सोडवायचे. माउस म्हणजे काय ते कित्येकांना त्या दिवशीच कळलं. बोटानं पडदा दाबून राहिले होते बिचारे, आणि पडदा काही हलेना.

त्याच दिवशी बालाजी भेटला. आमच्या भागात बालाज्यांना तोटा नाही, त्या बॅचला पाच होते. हा नायगावकडच्या एका खेड्यातला, सडपातळ, अंगात नुसती चपळाई. पन्नास प्रश्न, एक तास. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, त्यामुळं जपून सोडवायचा पेपर. मी रांगांमधून फिरत होतो. बघतो तर याचा हात वर.

त्याच्या मागं जाऊन उभा राहिलो. पडद्यावर चौकट आली होती. एकतीस प्रश्न सोडवले, एकोणीस बाकी, ते एकोणीस लाल रंगात. खाली विचारलेलं, पेपर सादर करायचा का? घड्याळात बावीस मिनिटं झाली होती. अडतीस मिनिटं अजून हातात होती हो! अडतीस!

त्यानं फक्त माझं तोंड बघितलं आणि हळूच विचारलं, "सर, दाबू का?"

नियम असा आहे की उमेदवाराशी पेपराबद्दल अवाक्षर बोलायचं नाही. मी नियमाचा माणूस. तोंडापर्यंत आलेलं गिळलं आणि म्हणालो, "तुझं तू ठरव." त्यानं दाबलं.

बाहेर पडताना त्यानं दोन्ही हात वर केले, फीत तोडल्यावर पळणारे करतात तसे. "पहिला आलो सर! अख्खी लॅब माझ्या मागं हाय!"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. दोन वर्षं या पोरानं एकच गोष्ट केली होती. सोळाशे मीटर पळायचं आणि पहिलं यायचं. फौजेची परीक्षा म्हणजे जो आधी पोचेल तो जिंकला, हे त्याच्या पायांत मुरलेलं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की इथं लवकर उठणाऱ्याला काही मिळत नाही.

आणि मी काय केलं? मी म्हणालो, "शाब्बास."

का म्हणालो, अल्ला जाणे. त्याचा चेहरा इतका फुललेला होता की दुसरं काही सुचलं नाही. नंतर खिडकीतून बघितलं तर तो फाटकापाशी उभा राहून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होता, "किती सोडवले?" तिसऱ्या-चौथ्या पोरानं काहीतरी सांगितलं आणि हा हळूहळू खाली बसला, पायरीवरच. मला बाहेर जाऊन दोन शब्द बोलता आले असते. पण दुसरी बॅच आत येत होती आणि मी गेलो नाही. ते मला पुढं फार दिवस खात राहिलं.

त्यानंतर मी एक गोष्ट केली. निरीक्षक साहेबांची परवानगी काढली आणि पेपर सुरू व्हायच्या आधी प्रत्येक बॅचला स्वतः सांगायला लागलो. मॅडमचा आवाज चांगला, तरी हे मीच सांगतो. "पोरांनो, ही शर्यत नाही. आधी उठला म्हणून कुणी पुढं जात नाही. पूर्ण तास तुमचा आहे, एक मिनिटही परत देऊ नका. मशीन बंद पडलं तर घाबरू नका, तुमची वेळ थांबते." वर्षानुवर्षं म्हणून म्हणून आता झोपेतही म्हणतो. बायकोनं ऐकलेलं आहे.

दुसऱ्या वर्षी बालाजी आमच्याकडं आला नाही. त्याला लातूरचं केंद्र आलं होतं, हे मला मागाहून कळलं. तिसऱ्या वर्षी सकाळी दारात ठसे घेत होतो, तर एक पोरगं कपाळ घासत समोर आलं. खांदे रुंद झालेले, मिशा फुटलेल्या. मला म्हणालं, "सर, वळखलं का? बावीस मिनिटं."

मी म्हणालो, "बालाजी?"

"हाव. मागच्या साली लातूरला गेलतो. तिथं मनलं, आता उठायचंच न्हाई. पण घड्याळ बगून बगून डोस्कं फिरलं. शेवटी दिसंल ते दाबत गेलो. सगळे कापले गेले."

"आणि या वर्षी?"

"हा शेवटचा सर. पुढच्या साली वय बसत न्हाई." मग हसत म्हणाला, "तुम्ही शाब्बास मनले होते बगा तवा."

टोमणा नव्हता तो, सहज बोलला होता. पण मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. मी म्हणालो, "माझं चुकलं ते. आता निकाल लागेपर्यंत तो शब्द माझ्या तोंडून येणार नाही." त्यानं करदोटा काढून खिळ्याला अडकवला, खिळ्यावर दोनदा बोट फिरवलं आणि आत गेला. सी रांगेत त्याची जागा होती.

मी नेहमीसारखं सांगितलं, शर्यत नाही, तास तुमचा आहे. तो माझ्याकडं बघत मान हलवत होता. पेपर सुरू झाला. एकोणीस मिनिटं झाली असतील, आणि सी रांगेच्या टोकाला फट्ट असा आवाज आला. जळका वास. अख्खी सी रांग काळी! आठ पोरं, आठ मेलेली मशीन.

बाकीच्या रांगा चालूच होत्या, त्यामुळं ओरडायचीही सोय नाही. आठही पोरं उठून उभी राहिली. एकानं डोक्याला हात लावला, "गेलं, सगळं गेलं." मी पळत गेलो, वीज तोडली. वायरीचा जोड जळून जास्तीचा दाब आत घुसला होता. आठही मशीनचा वीज देणारा डबा उडालेला, एकही उठायचं नाव घेईना.

राखीव मशीन आठ. पण त्यातलं एक गेल्या आठवड्यापासून पडून होतं, त्याचाही डबा गेलेला. नवा मागवला होता, आला नव्हता. मी कागदावर खरं लिहिलं होतं, सात तयार म्हणून. तेवढं पुरेसं होतं नियमाला. आता आठ पोरं आणि सात खुर्च्या.

मी खालच्या आवाजात सांगितलं, "ऐका. तुमची उत्तरं सर्व्हरला आहेत. घड्याळ थांबलेलं आहे. सात जणांनी मागच्या रांगेत बसायचं, एकानं थोडं थांबायचं. थांबणाऱ्याचं एक सेकंदही जाणार नाही."

कोण ऐकतंय! सगळी भरतीचीच पोरं. शिट्टी वाजल्यासारखी सुटली मागच्या खुर्च्यांकडं. बालाजी सगळ्यांच्या पुढं होता. पळण्यात त्याला गाठणार कोण? दोन पावलं टाकली त्यानं, आणि मी डोळ्यांनी बघितलं, तो जागीच थांबला. बाकीची त्याच्या बाजूनं गेली. सात खुर्च्या भरल्या. तो एकटा सी रांगेपाशी उभा राहिला, दोन्ही हात मांड्यांना घट्ट धरून.

माझ्या मनात आलं, अरे बाबा, आज तरी पळायचं होतंस. सगळ्यांत आज तुलाच खुर्ची हवी होती.

निरीक्षक साहेब आले, फोनवर वरच्यांशी बोलले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "वीस मिनिटांत आठवं मशीन सुरू झालं तर हा पेपर देईल. नाही झालं तर याची केस वर जाईल, मग ते ठरवतील." वर गेलेल्या केसांचं काय होतं मला ठाऊक होतं. कधी होतं, कधी राहून जातं. वय बसत नसलेल्या पोराची केस मला वर पाठवायची नव्हती.

आणि एकदम सुचलं. दारातलं नोंदणीचं मशीन! ठसे घेऊन झाले होते, दार बंद झालं होतं, त्या मशीनला आता काम नव्हतं. त्याच्यावर पेपर उघडला नसता, पण त्याचा डबा चांगला होता. साहेबांना विचारलं, ते म्हणाले, "करा, पण लवकर." मी दारातलं मशीन उचलून आणलं. मॅडमनी बालाजीला भिंतीशी बसवलं. त्यानं विचारलं, "सर, मी मदत करू?" मी म्हणालो, "हात लावायचा नाही. हलूही नको."

आता गंमत अशी की लॅबमध्ये शंभरावर पोरं पेपर देत होती, त्यामुळं हे सगळं आवाज न करता करायचं. डबा काढायला चार मोठे स्क्रू. मोठा पेचकस कपाटात, कपाटाची चावी शिपायाकडं, शिपाई फाटकावर. मी अब्बांचा पेचकस काढला. घड्याळाच्या स्क्रूसाठी बनलेला तो, या स्क्रूच्या खाचेत नुसतं एक टोक बसायचं. तिरका धरून, दाबून, पिळून एक निघाला, दुसरा निघाला. तिसरा स्क्रू निसटून घरंगळत निघाला, आणि बालाजीनं बसल्या बसल्या पाय पुढं करून तो पायानं अडवला. हात लावला नाही पठ्ठ्यानं!

डबा बसवला. बटण दाबलं. काही नाही. पंखासुद्धा फिरेना. साहेबांनी घड्याळ बघितलं. "सहा मिनिटं उरली," म्हणाले. अब्बा म्हणायचे, घड्याळ चालत नसलं की त्याच्यावर रागावू नकोस, तू काय विसरलास ते बघ. मी मशीनमध्ये डोकं घातलं. प्रोसेसरजवळची चार तारांची छोटी पिन लावायचीच राहिली होती. अठ्ठावीस वर्षांचा अनुभव आणि शिकाऊ पोरासारखी चूक! लावली. बटण दाबलं.

पंखा फिरला. पीं असा आवाज आला. आयुष्यात इतका गोड आवाज मी ऐकलेला नाही, खोटं सांगत नाही. मॅडमनी तोंडावर पदर धरला होता.

बालाजी बसला. क्रमांक टाकला, पासवर्ड टाकला. पडदा उघडला. वरच्या कोपऱ्यात घड्याळ, एक्केचाळीस मिनिटं आणि काही सेकंद. तो ओरडलाच, "सर, तितकेच हायत! उत्तरं बी हिरवे हायत!"

"बोलू नको, सोडव!" मी म्हणालो आणि तिथून लांब गेलो. जवळ उभा राहिलो असतो तर माझ्या श्वासाचा त्याला त्रास झाला असता.

बाकीची लॅब संपली. पोरं उठली, दोरे घेऊन बाहेर गेली. मागच्या रांगेतली सातही गेली. मग राहिलो आम्ही चौघं: साहेब, मॅडम, मी आणि बालाजी. एवढ्या मोठ्या लॅबमध्ये एकच माउस वाजत होता. तो घाई करत नव्हता. एक प्रश्न वाचायचा, ओठ हलवायचा, मग दाबायचा. मधे एकदा त्यानं माउस सोडून दोन्ही तळवे पँटला पुसले आणि पुन्हा सुरुवात केली. शेवटची दहा मिनिटं तो सोडवलेले प्रश्न परत तपासत होता. पेपर सादर करायच्या बटणाकडं त्याचा हात एकदाही गेला नाही. घड्याळ शून्यावर आलं आणि पडदा आपोआप बंद झाला.

दारात आला. फळीवर एकच करदोटा उरला होता. तो कमरेला बांधताना त्याचा चेहरा फुललेला होता.

"सर," तो म्हणाला, "आज म्या सगळ्यात शेवटी आलो."

मी विचारलं, "खुर्चीकडं पळत पळत का थांबलास रे?"

"तुमीच मनले ना, शर्यत न्हाई मनून. पाय निघाले होते सर, मग म्या पाय धरून ठेवले."

ओठावर आलेला शब्द मी दातांनी धरला, कारण शपथ घेतली होती. नुसती त्याची पाठ थोपटली. मॅडम म्हणाल्या, "अरे जा आता, बाप फाटकावर वाट बघून राहिला असेल." माझा फोन नंबर तळहातावर लिहून घेऊन तो गेला. मी दारातल्या मशीनचा डबा परत बसवला, चारही स्क्रूंसकट.

निकालाची यादी आली तेव्हा मी चष्मा लावून फोनवर एकेक क्रमांक खाली सरकवत होतो. बायको शेजारी बसून विचारत होती, मिला क्या, मिला क्या. सापडला! दोनदा तपासला, तिसऱ्यांदा तिच्याकडून वाचून घेतला. पण भरती इथं संपत नाही, अजून मैदान बाकी होतं, पळणं बाकी होतं. म्हणून शब्द अजून दाबूनच ठेवला.

मैदानाच्या दिवशी दुपारी फोन वाजला. मागं नुसता गलका, शिट्ट्या, पोरांचं ओरडणं. त्यात त्याचा धापा टाकणारा आवाज.

"सर, सोळाशे मीटर झाले. पहिला आलो! हितं चालतंय ना सर, पहिला आलेलं?"

"चालतंय रे!" मी म्हणालो. "शाब्बास! शाब्बास, बालाजी!"

इतक्या जोरात ओरडलो की बायको पिठाच्या हातानं बाहेर आली. "क्या हुआ जी?"

"काही नाही," मी म्हणालो, "आपला बालाजी पहिला आला."